पान चौदावरची सही

ग्वाल्हेरमध्ये जर्मन येणारं माणूस हवं, असा भोपाळहून निरोप आला तेव्हा उत्कर्षला शोधाशोध करावी लागली नाही. तो ग्वाल्हेरच्या माधवगंजातच वाढलेला. आठवीत ज्या पारसनीस मॅडमनी त्याला इंग्रजी शिकवलं, त्यांच्या कपाटात जर्मन पुस्तकं असतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं सरळ फोन लावला आणि म्हणाला, "काकू, अब आप का टाइम आया है." हे वाक्य राजूताईनं त्या एका दिवसात मला दोनदा सांगितलं.

राजलक्ष्मी पारसनीस ही माझी मावसबहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. घरात सगळे तिला राजूताईच म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी ती बी.ए. करायला पुण्याला आत्याकडे गेली आणि चार वर्षांनी परत आली ती जर्मन घेऊन. ग्वाल्हेरात त्या भाषेचं करायचं काय, हे कुणालाच कळेना. लग्न झालं भालचंद्ररावांशी. सासरे मात्र खूश होते. पारसनीस म्हणजे एके काळी दरबारात फारसी लिहिणारे. ते म्हणाले, "फारसी गेल्यापासून घरात परकी भाषा नव्हती. सूनबाईंनी कसर भरून काढली."

पुढे सव्वीस वर्षं राजूताईनं शाळेत इंग्रजी शिकवलं. जर्मन तिनं स्वतःपुरती ठेवली. सकाळचा चहा झाला की ओट्याशी उभी राहून ती अर्धा तास मोठ्यानं वाचायची. कधी मालनपूरच्या एखाद्या कारखान्यातून यंत्राची माहितीपुस्तिका भाषांतराला यायची, कधी नर्सिंगच्या मुली दाखले घेऊन यायच्या. तेवढंच. मी एकदा तिला विचारलं, एवढं काय आहे त्या भाषेत? ती म्हणाली, "मंदा, त्यांच्याकडेही कितीतरी वाक्यांत क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. समोरचा हो म्हणतोय की नाही, ते कळायला पूर्ण ऐकून घ्यावं लागतं. ज्यांना पूर्ण ऐकायची सवय असते ती माणसं शब्दाला पक्की असतात." हे ती अगदी मनापासून मानत होती. मी हसले होते.

दोन हिवाळ्यांपूर्वीची ही गोष्ट. आपलं राज्य सरकार आणि जर्मनीतला एक प्रांत यांच्यात मैत्रीचा करार व्हायचा होता. इथला वालुकाश्म, म्हणजे आपल्या अंगणात असतो तो पिवळसर दगड, तिकडच्या गावांतल्या चौकांत फरशी म्हणून बसणार होता. तिकडून यंत्रं येणार होती, प्रशिक्षण येणार होतं, मुलांना शिष्यवृत्त्या मिळणार होत्या. त्यांची अट एकच होती. दगड काढणारे आणि कापणारे कामगार सुरक्षित आहेत, हे त्यांच्या माणसांनी इथे येऊन स्वतः बघायचं. या कामासाठी सरकारनं एक मैत्री कक्ष उघडला होता आणि उत्कर्ष त्यातला अधिकारी होता. वय चौतीस, बोलण्यात चटपटीत, आईचा लाडका. त्याची आई कुसुमताई आणि राजूताई चाळीस वर्षांच्या मैत्रिणी.

डिसेंबरात पाच जणांचं शिष्टमंडळ आलं. प्रमुख होती उलरिके नावाची पंचावन्न-छप्पन्न वर्षांची बाई. उंच, आखूड पांढरे केस, हातात सतत एक हिरवी वही. पहिल्या दिवशी हॉटेलच्या सभागृहात भाषणं झाली. राजूताईनं जांभळी पैठणी नेसली नाही, साधी चंदेरी नेसली. "मी दिसायला नाही, ऐकायला आलेय," असं म्हणाली. मंत्र्यांच्या सचिवांनी दोन संस्कृतींबद्दल जे काही अघळपघळ सांगितलं, त्याचं तिनं असं नेटकं जर्मन केलं की उलरिके भाषण संपल्यावर सचिवांकडे न जाता आधी तिच्याकडे आली. ही भाषा कुठे शिकलात, कधी आला होतात आमच्याकडे? कधीच नाही, असं राजूताईनं सांगितलं तेव्हा त्या बाईनं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

त्याच संध्याकाळी उलरिके माधवगंजात घरी आली. मी तिथेच होते. मटारांचा ढीग पडला होता, कारण दुसऱ्या दिवशी करंज्या करायच्या होत्या. उलरिके खाली सतरंजीवर बसली आणि शेंगा सोलू लागली. आमच्या दोघींच्या जेवढ्या सोलून झाल्या त्याच्या दुप्पट तिच्या. मध्येच ती काहीतरी म्हणाली आणि राजूताई एकदम लाल झाली. मी विचारलं, काय गं? राजूताई म्हणाली, "त्यांच्यातही अहो-जाहो आणि अगं-तुगं असतं. मोठ्यानं मुभा दिल्याशिवाय अगं म्हणायचं नसतं. ती म्हणतेय, आजपासून मला अगं म्हण." मी पाहिलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पस्तीस वर्षं ज्या भाषेशी ती एकटीच बोलत आली होती, त्या भाषेनं तिला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती.

दुसऱ्या दिवशी सगळे घाटीगावच्या बाजूला दगड कापण्याच्या एका कारखान्यावर गेले. तिथलं मला राजूताईनं नंतर इतक्या वेळा सांगितलं आहे की मीच जाऊन आल्यासारखं वाटतं. कामगार रांगेत उभे होते. सगळ्यांच्या डोक्यावर नवं पिवळं हेल्मेट, तोंडावर नवा मास्क. मास्कवरची घडी अजून मोडलेली नव्हती. कापणाऱ्या पात्यांवर पाण्याची धार सुरू होती, म्हणजे धूळ उडत नव्हती. उलरिकेनं सगळं बघितलं आणि म्हणाली, "मला एका कामगाराशी बोलायचंय. अधिकारी नकोत, मालक नकोत. फक्त मी आणि राजलक्ष्मी."

मालक कुरकुरला. उत्कर्षच म्हणाला, "बोलने दीजिए, मॅडम अपनीच हैं."

पत्र्याच्या शेडमागे पातीराम आला. चाळिशीचा, सहरिया आदिवासींच्या वस्तीतला, हाडकुळा माणूस. त्यानं मास्क खाली ओढला, मागे वळून पाहिलं आणि उलरिकेला नाही, राजूताईला विचारलं, "बहनजी, बोलूँ? नाम तो नहीं जाएगा?"

राजूताईनं ते उलरिकेला सांगितलं. उलरिकेनं मान हलवली आणि स्वच्छ म्हणाली, "नाही. नाव माझ्यापाशी राहील."

राजूताईनं एवढंच भाषांतर करायला हवं होतं. पण तिनं वर स्वतःचं घातलं. "नाम नहीं जाएगा, भैया. मेरी ज़बान है."

मग पातीराम बोलला. मास्क आज पहाटे वाटले, संध्याकाळी परत घेणार. पाणी कालपासून सोडलंय. एरवी सगळं कोरडं कापतात, कारण पाण्यानं पातं हळू चालतं. त्याचा धाकटा भाऊ याच कारखान्यात बारा वर्षं होता, खोकून खोकून अडतिसाव्या वर्षी गेला. दवाखान्याच्या कागदावर टीबी लिहिलं. वस्तीतले आणखी चौघे तसेच खोकतात. भाऊ शेवटी भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचा, आडवा झाला तर श्वास कोंडायचा.  राजूताईनं एकही शब्द गाळला नाही. उलरिके लिहीत होती. लिहिता लिहिता तिनं एकदा चष्मा काढून पुसला.

परतताना गाडीत उत्कर्षनं विचारलं, "क्या बोला वो?"

"जे विचारलं ते सांगितलं त्यानं," राजूताई म्हणाली. उत्कर्ष हसला आणि त्यानं विषय सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या दारात गाड्या उभ्या होत्या, निरोपाची गडबड चालली होती. त्यात उत्कर्ष तीन कागद घेऊन आला. "काकू, ये बस इतना है की भाषांतर तुम्ही केलं. रिपोर्ट बाद में टाइप होगा, तुमची सही आत्ताच घेऊन ठेवतो." कागदाच्या तळाशी एक ओळ होती, वरचं सगळं कोरं. राजूताईचा वाचायचा चष्मा पर्समध्ये होता. तिनं तो काढलाही नाही. तीन ठिकाणी सही केली. ज्याच्या वह्या मी तपासल्या त्याचा कागद काय तपासायचा, असं तिला वाटलं. मग उलरिकेनं तिला मिठी मारली आणि म्हणाली, "तुझ्यामुळे मला इथलं खरं ऐकू आलं."

तो सगळा हिवाळा राजूताई वेगळ्याच उत्साहात होती. टोपी बाजारातून तिनं एक नवी डायरी आणली आणि त्यात दगडकामाचे जर्मन शब्द उतरवायला घेतले. पुढे प्रशिक्षण सुरू झालं की लागतील म्हणून. भालचंद्रराव चिडवायचे, "आता आम्हालाही अहो-जाहो जर्मनमध्येच करा."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात करारावर सह्या होण्याच्या समारंभाचं निमंत्रण आलं. सोबत गुळगुळीत पानांची पुस्तिका होती, डावीकडे हिंदी, उजवीकडे जर्मन. कुणी चुकीचं जर्मन छापलं असेल तर सांगू, म्हणून ती पेन्सिल घेऊन वाचायला बसली. चौदाव्या पानावर पातीरामचा फोटो होता, हेल्मेट आणि मास्क घातलेला. खाली नाव छापलेलं. शेजारी त्याचं म्हणणं: मास्क रोज मिळतात, पाणी कायम चालू असतं, माझ्या कुटुंबातले लोक वर्षानुवर्षं इथे समाधानानं काम करत आले आहेत. त्याखाली 'भाषांतर: राजलक्ष्मी पारसनीस', आणि तिची सही. तीच, 'र'ची शेपटी लांब ओढलेली.

तिनं मला फोन केला. "मंदा, ये." एवढंच. मी माझ्या घरून, किला गेटहून, पोचले तेव्हा पुस्तिका ओट्यावर उघडी होती आणि ती पेन्सिल धरून उभी होती.

"छापताना चूक झाली असेल गं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली, "तसंच असणार." आणि माझ्यासमोर तिनं उत्कर्षला फोन लावला.

त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. अजिबात गडबडला नाही तो. "काकू, प्लीज आप इमोशनल मत होइए. अशा गोष्टींत एक भाषा असते. त्या लोकांनाही हेच पाहिजे होतं. ड्राफ्ट त्यांच्याकडे गेला होता. उलरिके मॅडमनी खुद ओके केलाय."

"खोटं बोलू नकोस," राजूताई म्हणाली. चाळीस वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता.

तिनं उलरिकेला पत्र लिहिलं, ईमेलनं. तू असं केलं नसशील हे मला माहीत आहे, एवढंच मला स्वतःच्या शब्दांत सांग. नऊ दिवस उत्तर नाही. दहाव्या दिवशी आलं. तिनं ते मला वाचून दाखवलं, वाक्यावाक्याला मराठी करत. 'आदरणीय श्रीमती पारसनीस, आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. भेटीदरम्यान पुढे आलेले मुद्दे आम्ही स्थानिक भागीदारांना विश्वासात घेऊन कळवले आहेत, जेणेकरून सुधारणा शक्य व्हाव्यात. पुस्तिकेतला मजकूर दोन्ही बाजूंनी संमत केलेला आहे.'

"आपल्या, आपण," राजूताई म्हणाली. "परत अहो-जाहोवर आली." मग तिनं मधली ओळ पुन्हा वाचली. "भागीदारांना कळवले. मंदा, भागीदार म्हणजे कोण?"

ते आम्हाला वस्तीवर जाऊन कळलं. भालचंद्ररावांनी गाडी काढली, ते रस्त्यावरच थांबले, आम्ही दोघी आत गेलो. पातीराम घराच्या दारात बसून दोरी वळत होता. त्यानं राजूताईला ओळखलं, पण तो उठला नाही. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं आणि आत निघून गेली. बसा असं कुणी म्हटलं नाही.

जानेवारीतच त्याला कामावरून काढलं होतं. आसपासच्या कारखान्यांतही निरोप गेले होते, याला घेऊ नका म्हणून.

"कारखाने में साहब ने कागज पढ़ के सुनाया, बहनजी," पातीराम म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "सब लिखा था. मास्क की बात, पानी की बात. छोटा भाई दीवार से टिक के सोता था, वो भी लिखा था. वो तो मैंने किसी को नहीं बताई थी. सिरफ आपको बताई."

राजूताई म्हणाली, "मैंने नहीं दिया वो कागज."

"तो किसने दिया? वो मेम तो हमारी बोली जानती नहीं. बीच में तो आप ही थीं."

 दोन भाषांच्या मधे उभं राहून तिनं एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता, आणि तरीही त्याच्या हिशेबी विकणारी तीच होती. परत येताना गाडीत ती एकदाच बोलली. "ज़बान मी दिली होती, त्या बाईनं नाही."

समारंभाच्या दोन दिवस आधी ती भर दुपारी उत्कर्षच्या कार्यालयात गेली. मी बरोबर होते. तिनं लेखी अर्ज नेला होता: हे भाषांतर माझं नाही, माझं नाव आणि सही काढावी. मला वाटलं आता वाद होईल, तो हात जोडेल, रागावेल. त्यानं अर्ज वाचला आणि लगेच म्हणाला, "काढतो, काकू. बस? एवढंच ना? दुसऱ्या प्रिंटमध्ये नाव नसेल." त्यानं चहा मागवला. दिल्लीहून दुसरा दुभाषा आधीच बोलावलेला होता.

नाव निघालं. मजकूर तसाच राहिला. करार झाला, फोटो छापून आले, उलरिके दुसऱ्या रांगेत उभी होती. राजूताईनं त्या दिवशीचं सगळं संभाषण आठवून दोन रकान्यांत लिहून काढलं आणि शिष्टमंडळातल्या पाचही जणांना, इथल्या दोन वर्तमानपत्रांना पाठवलं. कुणी पोच दिली नाही. एप्रिलअखेर दगडाचे पहिले कंटेनर गेले.

कुसुमताई घरी आल्या होत्या त्याच सुमारास. नातीच्या बारशाचं बोलावणं घेऊन. "अगं, उत्कर्ष तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोलत नाही," त्या म्हणाल्या. "नोकरीत वरून येतं ते करावं लागतं. तू शिक्षिका, तूच समजून नाही घेणार?"

"समजलंय मला," राजूताई म्हणाली. "म्हणूनच येणार नाही."

कुसुमताई उंबऱ्याशी थांबून रडल्या. राजूताईनं त्यांना थांबवलं नाही. आपल्या इथे मराठी घरं मोजकी. ही गोष्ट आठवड्याभरात सगळीकडे झाली, आणि बहुतेकांचं म्हणणं असं पडलं की एवढ्या तेवढ्यावरून चाळीस वर्षांचं तोडू नये.

उन्हाळ्यात तिनं पातीरामला दवाखान्यात नेलं. तो यायला तयार नव्हता, बायकोनं पाठवलं. तीन खेपांनंतर डॉक्टरांच्या मंडळानं लिहून दिलं की सिलिकोसिस आहे, दगडाची धूळ फुफ्फुसात बसून होणारा आजार. या आजारानं काम सुटलेल्या कामगाराला सरकारी मदत मिळते. पण त्यासाठी तो कुठे कामाला होता ते सिद्ध करावं लागतं. कारखान्यानं लिहून दिलं की पातीराम नावाचा कुणी माणूस आमच्याकडे कधीच नव्हता. हजेरीपटात नाव नव्हतं. ओळखपत्र कधी दिलंच नव्हतं. बरोबरचे कामगार बोलायला तयार नव्हते, आणि त्यांना दोष कोण देणार?

एकच कागद असा होता, ज्यावर त्या कारखान्याचं नाव, पातीरामचं नाव आणि त्याचा फोटो एकत्र होता: पुस्तिकेच्या पहिल्या छपाईतलं चौदावं पान. दुसऱ्या छपाईत पातीरामचं नाव आणि फोटोही काढला होता. पहिली प्रत राजूताईकडे होती. पण ती पुढे करायची तर, हे संभाषण झालं आणि मी तिथे होते, असं तिला शपथेवर सांगावं लागणार होतं. ज्या सहीवर तिनं पाणी सोडलं होतं, तीच पुन्हा आपली म्हणायची होती.

श्रम कार्यालयातल्या सुनावणीला मी गेले होते. अधिकारी वयस्कर, शांत होते. त्यांनी पान दोनदा वाचलं.

"ये बातचीत हुई थी?"

"हुई थी."

"इसमें लिखा है कामगार संतुष्ट है. ये सच है?"

"नहीं. बातचीत सच है, लिखा हुआ झूठ है."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तो नीचे दस्तखत आपके क्यों हैं?"

राजूताईनं बाकाची कड धरली. पातीराम तिच्या डाव्या हाताला दोन फुटांवर उभा होता. "दस्तखत मेरे ही हैं. कागज कोरा था. मैंने पढ़ा नहीं और दस्तखत कर दिए."

अधिकाऱ्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. या खेपेला तिनं चष्मा लावला, पूर्ण पान वाचलं, मग सही केली. पुढची तारीख तेवीस जुलै मिळाली. कारखान्याच्या वकिलांनी पुस्तिकेची दुसरी छपाई दाखल करायची परवानगी मागितली होती, ती त्यांना मिळाली.

बाहेर जिन्यात ऊन होतं. पातीराम दोन पायऱ्या उतरला, श्वास घ्यायला थांबला. आतमध्ये त्यानं अंगठा उमटवला होता, त्याची शाई तो कठड्याला पुसत होता. राजूताईकडे न बघता तो म्हणाला, "बिना पढ़े तो हम लोग करते हैं, बहनजी."

 खाली सवारीचा टेंपो लागला होता. पातीराम पुढच्या बाजूला ड्रायव्हरजवळ जाऊन बसला, आम्ही मागून आलेल्या टेंपोनं माधवगंजला आलो.